विश्लेषण : डेटा कंपनीचा, दार क्लाउडवाल्याचे, मग तो बाहेर काढायचा कसा?

महिनाअखेर आली की अनेक कंपन्यांच्या लेखा विभागात तेच दृश्य दिसते. कोणीतरी ईआरपी प्रणालीत लॉग-इन करतो, खरेदीचा अहवाल उघडतो, ‘एक्स्पोर्ट’चे बटण दाबतो आणि आलेली एक्सेल फाइल साहेबांना ई-मेल करतो. इथवर काही बिघडत नाही. पण पुढे कोणीतरी हुशारीने हेच काम रोज रात्री आपोआप होईल अशी व्यवस्था करतो. ती फाइल डॅशबोर्डला जोडली जाते आणि किती माल मागवायचा, कोणाची थकबाकी किती, हे त्यावरून ठरू लागते. माणसाने वाचण्यासाठी केलेला अहवाल असा नकळत कंपनीच्या डेटाची मुख्य पाइपलाइन होऊन बसतो. बहुतेक ठिकाणी हा निर्णय कोणी घेतलेलाच नसतो, तो होऊन गेलेला असतो. क्लाउडवरच्या व्यवसाय प्रणालीतून डेटा काढण्याच्या पद्धतीची निवड ही लेखा, लेखापरीक्षण आणि कायदा या तिघांशी संबंधित बाब आहे. ती एखाद्या कंत्राटी अभियंत्याच्या सोयीवर सोडणे महागात पडते.

पूर्वी हा प्रश्न का नव्हता?

सर्व्हर कंपनीच्याच खोलीत असायचा. डेटाबेस सांभाळणाऱ्याला सांगितले की तो थेट टेबलांवर क्वेरी चालवून हवे ते काढून द्यायचा. ओरॅकल फ्यूजन, सेल्सफोर्स, वर्कडे यांसारख्या प्रणाली भाड्याने घेतल्यावर ती सोय गेली. डेटा करारानुसार ग्राहकाचाच असतो. पण तो ज्या डेटाबेसमध्ये आहे, तिथे ग्राहकाला थेट प्रवेश नसतो. पुरवठादाराने जी दारे ठेवली आहेत, त्यांतूनच ये-जा करायची. आणि प्रत्येक दार वेगळ्या कामासाठी बांधलेले आहे, हे सहसा कोणी आधी सांगत नाही.

ओरॅकल फ्यूजनचे उदाहरण

भारतातील अनेक मोठ्या कंपन्यांत ही प्रणाली आहे, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. ओटीबीआय हे तिचे पहिले दार. व्यवस्थापकाने पडद्यावर बसून ‘या तिमाहीत कोणत्या विभागाचा खर्च वाढला’ असे विचारायचे आणि त्याच क्षणाचे उत्तर मिळवायचे, यासाठी ते आहे. लाखो ओळी उपसण्यासाठी नाही.

दुसरे दार बीआय पब्लिशरचे. बिल, चलन, वेतनपत्रक अशा ठरावीक साच्यातल्या कागदांसाठी ते केलेले आहे. मात्र त्यात आपली एसक्यूएल क्वेरी लिहिता येते, आणि तिथेच मोह होतो. जुन्या सवयीच्या अभियंत्याला वाटते, चला, डेटाबेसची मागची खिडकी सापडली. मग पन्नास टेबलांसाठी पन्नास ‘अहवाल’ बनतात. छोट्या कंपनीत ते वर्षभर सुरळीत चालतातही. पण व्यवहार वाढले की क्वेरी लांबते, वेळेची किंवा आकाराची मर्यादा ओलांडते आणि बंद पडते, तीही नेमकी मार्चअखेरीस, कारण व्यवहार तेव्हाच सर्वाधिक असतात. हे साधन मोठ्या उपशासाठी नाही, हे ओरॅकलच्या मार्गदर्शनातही आहे. तरीही ही पद्धत सर्रास दिसते.

तिसरे दार रेस्ट एपीआयचे. म्हणजे एका प्रणालीने दुसरीशी थेट बोलण्याची खिडकी. एका ग्राहकाची थकबाकी, एका ऑर्डरची स्थिती असे नेमके काही लगेच हवे असेल तर याहून चांगला मार्ग नाही. पण फ्यूजनमध्ये एका मागणीला जास्तीत जास्त ५०० नोंदी मिळतात. १० लाख नोंदी हव्या असतील तर २,००० फेऱ्या. मधल्या काळात नवे व्यवहार होतच असतात. नोंदींचा क्रम ठरवून न मागितल्यास काही दोनदा येतात, काही सुटतात आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही.

घाऊक उपशासाठी बांधलेले दार म्हणजे बीआय क्लाउड कनेक्टर, बोलीभाषेत बीआयसीसी. ते ठरावीक ‘व्ह्यू ऑब्जेक्ट’मधून डेटा काढून सीएसव्ही फाइली ओरॅकलच्या साठवणीत ठेवते. पहिल्यांदा संपूर्ण डेटा, नंतर फक्त बदललेला. क्षणोक्षणीचा डेटा त्यातून मिळत नाही, शेकडो ऑब्जेक्टमधून नेमके कोणते घ्यायचे हे शोधण्यात अभियंत्यांचे काही आठवडे जातात आणि हव्या त्या प्रत्येक रकान्यासाठी ऑब्जेक्ट सापडेलच असे नाही. तरीही गोदामात रोज डेटा भरायचा असेल तर सुरुवात इथूनच व्हायला हवी. मनुष्यबळ विभागाच्या माहितीसाठी ‘एचसीएम एक्स्ट्रॅक्ट’ ही वेगळी सोय आहे.

पुसलेली नोंद कोण सांगणार?

कोणती पद्धत जलद, यावर बैठका होतात. खरी कसोटी दुसरीकडे आहे. समजा, विक्री प्रतिनिधीने एका ग्राहकाची ४० लाखांची संभाव्य ऑर्डर चुकून दोनदा नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी एक पुसून टाकली. रात्रीचे काम विचारते, ‘कालपासून काय बदलले?’ पुसलेली नोंद यादीतच नाही, मग ती ‘बदलली’ असे कोण सांगणार? मूळ प्रणालीत ४० लाख, डॅशबोर्डवर ८० लाख. कुठेही लाल दिवा लागत नाही.

यावर उपाय आहेत, पण ते मुद्दाम सुरू करावे लागतात. बीआयसीसीत केवळ प्राथमिक किल्ल्यांची यादी वेगळी काढता येते. गोदामात असलेली आणि त्या यादीत नसलेली नोंद पुसली गेली असे समजायचे. सेल्सफोर्समध्ये पुसलेल्या नोंदी कचरापेटीत १५ दिवस राहतात आणि विशिष्ट प्रकारे मागितल्यास मिळतात. महिन्यातून एकदाच डेटा काढणाऱ्या कंपनीला मात्र त्यांचा पत्ताच लागत नाही.

दुसरा सापळा ‘शेवटच्या बदलाच्या वेळे’चा. रात्री २ वाजता काम सुरू झाले. १ वाजून ५९ मिनिटांचा शिक्का असलेला एक मोठा व्यवहार तेव्हा अजून पूर्ण जतन झालेला नव्हता, म्हणून तो दिसला नाही. पुढचे काम ‘२ नंतरचे द्या’ म्हणते. तो व्यवहार कायमचा सुटला. म्हणून दर वेळी थोडे मागे जाऊन पुन्हा काढायचे आणि किल्लीवरून दुबार नोंदी एकत्र करायच्या, ही जुनी शिस्त आहे. बीआयसीसीत त्यासाठी वेगळी सेटिंग आहे.

त्यातच वेळेचा फरक. क्लाउड प्रणालींतील शिक्के बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ एप्रिलच्या पहाटे ३ वाजता पुण्यात केलेली नोंद तिथे ३१ मार्चची दिसते. हिशेबाची तारीख वेगळ्या रकान्यात असते, ती बरोबरच राहते. पण घाईत कोणी नोंद तयार झाल्याची वेळ धरून वर्ष पाडले, तर ती नोंद चक्क मागच्या आर्थिक वर्षात जाते.

बदल घडताक्षणी कळवणारी पद्धतही आहे. सेल्सफोर्सची ‘चेंज डेटा कॅप्चर’ त्यातलीच. पुसलेली नोंदही ती कळवते. मात्र हे संदेश ७२ तासच राखले जातात. ऐकणारे यंत्र दिवाळीच्या सलग सुट्टीत बंद पडले आणि चौथ्या दिवशी कोणाच्या लक्षात आले, तर मधले संदेश गेले. पुन्हा संपूर्ण डेटा काढण्याला पर्याय नाही. ‘रिअल टाइम’चा आग्रह धरणाऱ्या वरिष्ठांना एक प्रश्न विचारावा : तुम्ही हा आकडा दिवसातून किती वेळा पाहता? उत्तर बहुतेकदा ‘सकाळी एकदा’ असे असते.

किल्ली दुसऱ्याच्या हातात

दारे ठेवणारा ती अरुंदही करू शकतो. एसएपीमधून डेटा काढण्यासाठी अनेक त्रयस्थ कंपन्यांची साधने ‘ओडीपी’ या यंत्रणेतील आरएफसी मार्गावर अवलंबून होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये एसएपीने आपली टीप क्रमांक ३२५५७४६ बदलली आणि ग्राहकांच्या वा त्रयस्थांच्या साधनांनी हा मार्ग वापरण्यास परवानगी नसल्याचे स्पष्ट केले. सुचवलेला पर्याय ओडेटाचा. ज्यांनी सगळी पाइपलाइन जुन्या मार्गावर उभारली होती, त्यांना फेरबांधणीचा विचार करावा लागला. मार्च २०२५ मध्ये सेलोनिस या कंपनीने अमेरिकेतील न्यायालयात एसएपीविरुद्ध दावा लावला. ग्राहकांचा डेटा प्रतिस्पर्ध्यांपर्यंत पोहोचण्यात अडथळे आणल्याचा आरोप त्यात आहे. मे २०२५ मध्ये सेल्सफोर्सच्या मालकीच्या स्लॅकने नियम बदलले. अधिकृत बाजारपेठेबाहेर वितरित होणाऱ्या व्यावसायिक अॅपना संभाषणांचा इतिहास मागण्यासाठी मिनिटाला एक मागणी आणि एका मागणीत १५ संदेश अशी मर्यादा आली. ग्राहकाने स्वतःसाठी बनवलेल्या अंतर्गत अॅपना त्यातून वगळले, हे खरे. पण एआयच्या काळात डेटाच्या दारावर पहारा वाढणार, याची ही चुणूक होती.

युरोपने यावर कायदा केला आहे. तेथील डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. ग्राहकाला एका क्लाउड सेवेतून दुसरीकडे जाण्यासाठी डेटा नेण्याचा हक्क त्यात आहे, आणि १२ जानेवारी २०२७ पासून या स्थलांतराचे शुल्क आकारता येणार नाही. भारतात असा खास कायदा नाही. इथे कराराचे कागदच कामाला येतात.

चोरालाही तेच दार

घाऊक दार उघडे ठेवण्याची किंमतही असते. ऑगस्ट २०२५ मध्ये सेल्सलॉफ्टच्या ‘ड्रिफ्ट’ या चॅट साधनाची प्रवेश टोकन चोरून हल्लेखोर अनेक कंपन्यांच्या सेल्सफोर्स खात्यांत शिरले. ७०० हून अधिक संस्थांना झळ बसली असावी, असा गुगलच्या तज्ज्ञांचा अंदाज होता. क्लाउडफ्लेअरने आपल्याकडे काय घडले ते उघडपणे सांगितले : हल्लेखोराने ‘बल्क एपीआय’ वापरून ग्राहकांच्या तक्रारींचा मजकूर अवघ्या तीन मिनिटांहून थोड्या अधिक वेळात काढून नेला. म्हणजे मार्ग तोच, जो डेटा अभियंता रोज वापरतो. म्हणून उपसा करणाऱ्या खात्याला सर्वाधिकार देण्याची आळशी पद्धत बंद व्हायला हवी. त्याला लागतील तेवढेच ऑब्जेक्ट, ठरावीक आयपी पत्ते आणि मुदत संपणारी टोकन द्यावीत. एक्सेल फाइली ई-मेलने फिरवण्याची सवय याहून वाईट, कारण त्यांची मोजदादच नसते. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतील. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वेतनाची फाइल कोणाकोणाच्या लॅपटॉपवर आहे, हे तेव्हा विचारले जाईल.

लेखापरीक्षक काय विचारतील?

इथे भारतीय कंपन्यांसाठी एक वेगळीच बाब आहे आणि ती माहिती-तंत्रज्ञान विभागाला अनेकदा ठाऊक नसते. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप दररोज भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. वह्या परदेशात असल्या तरीही. ओरॅकलची क्लाउड केंद्रे मुंबई आणि हैदराबादेत आहेत, त्यामुळे तिथे प्रणाली असलेल्यांचे काम सोपे. पण चाकण, रांजणगावसारख्या पट्ट्यात परदेशी समूहांच्या उपकंपन्या आहेत. समूहाची ईआरपी युरोपात असेल तर इथल्या उपकंपनीला रोजचा उपसा हा कायदापालनाचा भाग ठरतो.

हिशेबवह्या व त्यांची प्रमाणके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे सक्तीचे आहे. आता पाहा : रोजचा उपसा फक्त नोंदीची ताजी स्थिती आणत असेल, तर जुनी रक्कम काय होती आणि ती कोणी बदलली, हे त्यात नसते. जोडलेली बिले, पावत्यांच्या पीडीएफ याही सीएसव्हीत येत नाहीत. डॅशबोर्डसाठी उभारलेली पाइपलाइन बॅकअप म्हणून दाखवण्याची चूक इथेच होते. ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांचे मार्गही वेगळे ठेवावे लागतील.

मग निवड करताना पाहायचे काय?

एकच पद्धत सगळीकडे लावण्याचा हट्ट सोडावा. रोजच्या गोदामासाठी घाऊक दार, नेमक्या नोंदीसाठी एपीआय, माणसांसाठी अहवाल. जिथे मिनिटाच्या उशिराने खरेच नुकसान होते, तिथेच बदल-संदेश. एपीआयच्या रोजच्या मर्यादेचा हिशेब आधी मांडावा. सेल्सफोर्सच्या एंटरप्राइझ आवृत्तीत दिवसाला १ लाख मागण्या आणि त्यावर परवान्यांनुसार वाढ असते, आणि हा कोटा सगळ्या जोडण्यांत वाटला जातो. एका उपशाने तो संपवला तर वेबसाइटवरच्या ऑर्डरही अडतात. फ्यूजन वर्षातून चार वेळा आणि सेल्सफोर्स तीन वेळा अद्ययावत होते. प्रत्येक वेळी उपसा तपासण्याचे काम कोणाच्या नावावर आहे, हे लिहून ठेवावे.

निवड पक्की करण्याआधी एक चाचणी जरूर घ्यावी. बंद झालेला एक महिना घ्या, निवडलेल्या पद्धतीने त्याचा सगळा डेटा काढा आणि प्रत्येक खात्याची बेरीज मूळ प्रणालीच्या तेरीजपत्रकाशी रुपया न् रुपया जुळवून पाहा. मग काही नोंदी मुद्दाम पुसा, काही बदला आणि दुसऱ्या दिवशीचा उपसा त्या ओळखतो का, ते पाहा. दोन-तीन दिवसांचे हे काम आहे. ते करारावर सही करण्याआधी, पुरवठादाराचा विक्री प्रतिनिधी फोन उचलतो आहे तोवर करून घ्यावे. त्याच करारात आणखी दोन ओळी लिहून घ्याव्यात : सेवा संपल्यावर डेटा, बदलांचा माग आणि जोडपत्रे कोणत्या स्वरूपात मिळतील, आणि त्यासाठी दार किती दिवस उघडे राहील.