स्वस्त आवृत्तीचे उणे आणि विद्यार्थ्याची गरज

एकाच मालाच्या तीन प्रती करायच्या, तीन किमती लावायच्या आणि गिऱ्हाइकाने ऐपतीप्रमाणे निवड करावी, ही व्यापाराची रीत जुनीच आहे. पण कापड वा तांदूळ घेताना हलका-भारी माल हाताला कळतो. संगणकाची आज्ञावली लिहिण्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे तसे नसते. त्याची विद्यार्थ्यांसाठीची स्वस्त आवृत्ती आणि व्यावसायिकांसाठीची महाग आवृत्ती पडद्यावर बहुधा सारखीच दिसते. उणे कोठे आहे, हे कळते ते काम अडल्यावर. मग स्वस्तावर भागवावे, की घरखर्चाची ओढाताण करून वरची आवृत्ती घ्यावी, असा प्रश्न विद्यार्थ्यापुढे आणि त्याच्या पालकांपुढे उभा राहतो. त्याचे उत्तर भीतीपोटी किंवा हौसेपोटी दिले जाते, विचारपूर्वक क्वचितच.

स्वस्त म्हणजे निकृष्ट, हा समज या क्षेत्राच्या इतिहासाने फार पूर्वीच खोटा ठरविला आहे. १९८३ साली बोरलँड कंपनीने टर्बो पास्कल बाजारात आणले ते अवघ्या ४९ डॉलर ९५ सेंटला. त्या काळी अशा साधनांसाठी शेकडो डॉलर मोजावे लागत. त्याला मर्यादा होत्याच. आज्ञावलीचा संकेतभाग ६४ किलोबाइटच्या चौकटीत बसवावा लागे, आणि ही चौकट सैल झाली ती १९८७ मधील चौथ्या आवृत्तीत. तरीही असंख्यांनी त्यावर धडे गिरविले. कारण जे शिकायचे होते, ते त्या चौकटीत पुरेपूर मावत होते.

परंतु सर्वच उणिवा इतक्या निरुपद्रवी नसतात. १९९८ मधील मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ ६.० चे उदाहरण घ्यावे. त्याच्या सर्वांत स्वस्त, म्हणजे 'स्टँडर्ड' आवृत्तीत आज्ञावली अधिक वेगाने चालावी म्हणून तिची आपोआप फेररचना करण्याची शक्तीच नव्हती. ती वरच्या आवृत्त्यांसाठी राखून ठेवलेली होती. पुढे २००४ मध्ये हीच शक्ती असलेला कंपायलर त्याच कंपनीने विनामूल्य दिला. २००५ च्या मालिकेतील 'एक्स्प्रेस' आवृत्त्याही मोफत झाल्या. पण त्यांत ६४ बिटांच्या आज्ञावलीची सोय नव्हती आणि इतरांनी केलेली पूरक साधने जोडण्यास मज्जाव होता. २०१४ मध्ये आलेल्या 'कम्युनिटी' आवृत्तीने यांतील बहुतेक कुंपणे काढून टाकली. काल ज्यासाठी पैसे मोजले, ते आज फुकट मिळते, हा या बाजाराचा अनुभव आहे. घाईने वरची आवृत्ती घेणाऱ्याने तो ध्यानात ठेवावा.

या उणिवांची प्रतवारी केली, तर निर्णय सोपा होतो. पहिली उणीव सोयीची: मोठ्या चमूने एकत्र काम करण्याची किंवा आज्ञावलीची पद्धतशीर चाचणी घेण्याची वाढीव साधने स्वस्तात नसतात. एकट्या विद्यार्थ्याचे त्यावाचून काही अडत नाही. दुसरी सामर्थ्याची: हाती घेतलेले विशिष्ट काम त्या आवृत्तीत होतच नाही. तिसरी परवान्याची: काम होते, पण ते विकण्याची वा कार्यालयात वापरण्याची मुभा नसते. हीच उणीव सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. उपरोक्त 'कम्युनिटी' आवृत्ती एकट्या व्यक्तीस आणि वर्गातील शिक्षणास मोकळी आहे. मात्र २५० हून अधिक संगणक किंवा दहा लाख डॉलरहून अधिक वार्षिक उत्पन्न असलेल्या संस्थेला सामान्य कामासाठी ती वापरता येत नाही, आणि लहान संस्थेतही पाचांहून अधिक जणांना ती वापरता येत नाही. मोफत याचा अर्थ बेअट असा नव्हे. सामर्थ्य खरोखर अपुरे पडले किंवा परवाना आड आला, तरच वरच्या आवृत्तीसाठी पैसे मोजावेत. केवळ सोयीसाठी मोजणे म्हणजे अंथरुणाबाहेर पाय पसरणे होय.

मात्र किमतीच्या या चर्चेत एक अधिक गंभीर उणीव झाकली जाते. ती आहे कालबाह्यतेची. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांनी १९९० च्या दशकाच्या आरंभीचे टर्बो सी++ वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत चालविले, आणि काही ठिकाणी ते अजूनही सुटलेले नाही. सी++ भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले १९९८ मध्ये. हे साधन त्याच्या आधीचे. त्यात बिनतक्रार चालणारी आज्ञावली आजचा कंपायलर बहुधा पहिल्याच ओळीला नाकारतो. साधा पूर्णांक त्यात ३२,७६७ च्या पुढे जात नाही. एखाद्या लिपिकाचा ४०,००० रुपये पगार त्यात सरळ लिहिला, तर तो उणे २५,५३६ होऊन बसतो. युनिकोडमधील मराठी मजकूर हाताळण्याची सोय त्यात नाही. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर ते थेट चालतही नाही. जुन्या यंत्राचे सोंग आणणारी दुसरी आज्ञावली मध्ये घालावी लागते. नोकरीच्या मुलाखतीत असा विद्यार्थी गोंधळला, तर दोष त्याच्या बुद्धीचा मानायचा काय?

मूलतत्त्वे जुन्या साधनावरही शिकता येतात, असा युक्तिवाद काही अध्यापक करतात. तो अगदीच चुकीचा नाही. नाचता येईना त्याला अंगण वाकडे दिसणारच, आणि ज्याचा तर्क पक्का आहे तो कोणत्याही साधनावर शिकेल. परंतु पर्याय महाग असता, तर या युक्तिवादाला वजन होते. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी कंपायलर १९८७ पासून खुला आणि विनामूल्य आहे. पायथनसारखी भाषा १९९१ पासून तशीच उपलब्ध आहे. दोन्ही साध्या संगणकावर चालतात, आणि विद्यार्थ्याला ती घरी नेता येतात. म्हणजे अडचण पैशाची नाही. प्रात्यक्षिकांच्या वह्या, प्रश्नपत्रिका आणि टिपणे नव्याने लिहिण्याच्या श्रमांची आहे. ते श्रम टाळायचे आणि त्याची किंमत विद्यार्थ्याच्या पुढील आयुष्यातून वसूल होऊ द्यायची, हा व्यवहार शिक्षणसंस्थेला शोभणारा नाही.

महाग आवृत्तीची चोरटी प्रत हाही मार्ग नव्हे. तो बेकायदा आहेच; शिवाय अशा प्रतीबरोबर काय काय संगणकात शिरते, याची शाश्वती कोणी देत नाही. सरळ मार्गाने फुकट मिळत असलेले सोडून आडमार्गाने महाग ते मिळविण्यात शहाणपण कोणते?

तेव्हा शिकणाऱ्याने वरच्या आवृत्तीसाठी कर्ज काढू नये. काम अडेल, तेव्हाच पैसे मोजावेत. संस्थेने मात्र बिनपैशाची ती एक बढती, जुन्या साधनाकडून चालू काळाच्या साधनाकडे जाण्याची, येत्या सत्राच्या आत करावी. विद्यार्थ्याच्या खिशाला झळ न लावता त्याचे हित साधण्याची ही संधी शिक्षकांच्या हाती आहे, आणि ती दवडण्यास आता कोणतीही सबब उरलेली नाही.