क्षण एक, चॅनेल अनेक

ईसीजी किंवा ईईजीचा आलेख समोर आला की आपण प्रथम रेषांचे आकार पाहतो, मग एका रेषेची दुसरीशी तुलना करतो. ही तुलना करताना आपण एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते : एकाखाली एक आलेले सर्व बिंदू एकाच क्षणाचे आहेत. यंत्र हा शब्द खरोखर पाळते का, हा प्रश्न खरेदीच्या वेळी सहसा विचारला जात नाही. चॅनेल किती, बिट किती, प्रिंटर सोबत मिळतो का आणि सवलत किती, येथेच चर्चा संपते. समक्षणाचा प्रश्न किमतीच्या प्रश्नाइतक्याच आग्रहाने विचारला गेला पाहिजे, असे माझे मत आहे. बालरोगतज्ज्ञाला तर तो टाळताच येणार नाही.

विषय तांत्रिक असला तरी त्याचे मर्म साधे आहे. शरीरातून येणारा विद्युत्-संकेत अखंड असतो; संगणकाला मात्र आकडे लागतात. हे रूपांतर करणारा भाग म्हणजे ॲनालॉग-डिजिटल कन्व्हर्टर. चॅनेल अनेक आणि कन्व्हर्टर एकच असेल, तर मल्टिप्लेक्सर नावाचा विद्युत्-स्विच त्याला क्रमाने एकेका चॅनेलशी जोडतो. संमेलनातील मंडळींचे एकेकटे फोटो काढून ते शेजारी शेजारी चिकटवावेत, तसा हा प्रकार. फोटोत सारे एकत्र दिसतात. पण प्रत्येकाचा क्षण निराळा असतो. ग्रूप फोटोत मात्र कळ एकदाच दाबली जाते.

यंत्रात अशी एकच कळ दाबण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रत्येक चॅनेलला ‘सँपल अँड होल्ड’ मंडल असते. एकच आज्ञा मिळताच सर्व मंडले त्या क्षणीचा व्होल्टेज धरून ठेवतात. नंतर कन्व्हर्टरने तो सवडीने एकेक करून वाचला तरी बिघडत नाही, कारण क्षण आधीच गोठलेला असतो. दुसऱ्या मार्गात प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र कन्व्हर्टर असतो आणि सर्वांना एकच घड्याळ व एकच प्रारंभ-संकेत दिला जातो. ईसीजी व ईईजीसाठी बनवलेली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एडीएस१२९८ ही आठ चॅनेलची, २४ बिटांची चिप या दुसऱ्या प्रकारची आहे. म्हणजे हे तंत्र दुर्मीळ नाही. मागणाऱ्याने मागितले पाहिजे, इतकेच.

प्रथम ईसीजीचा विचार करू. बारा लीडपैकी स्वतंत्र अशा आठच. उरलेल्या चार, म्हणजे तिसरी लीड आणि एव्हीआर, एव्हीएल, एव्हीएफ, डिजिटल यंत्र पहिल्या व दुसऱ्या लीडवरून गणिताने काढते. आठ चॅनेल, प्रत्येकाचे सेकंदाला ५०० नमुने आणि कन्व्हर्टर एकच, असे धरले तर लगतच्या दोन चॅनेलमध्ये पाव मिलिसेकंदाचे अंतर पडते. क्यूआरएस २० मिलिसेकंदांत १ मिलिव्होल्ट चढत असेल, तर वजाबाकीत सुमारे ०.०१२ मिलिव्होल्टची चूक होईल. कागदावर ती मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकी. तेव्हा प्रौढांच्या नेहमीच्या ईसीजीत याने अनर्थ होत नाही, हे मान्य केले पाहिजे.

अनर्थ होतो तो लीड एकामागून एक वेगवेगळ्या ठोक्यांवर घेतल्याने. क्यूआरएसचा आरंभ एका लीडमध्ये सपाट दिसतो आणि दुसरीत स्पष्ट. सर्व लीड एकाच ठोक्याच्या असतील तरच खरी रुंदी मोजता येते. एका लीडवर मोजलेली रुंदी त्यामुळे अनेकदा कमी भरते. ज्या वयात क्यूआरएस मुळातच अरुंद असतो, तेथे थोड्या मिलिसेकंदांनीही अर्थ बदलतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २००७ सालच्या शिफारशींत प्रौढांसाठी किमान १५० हर्ट्झपर्यंतची, तर अर्भकांसाठी २५० हर्ट्झपर्यंतची नोंद सुचवली आहे. लहान हृदयाचे संकेत अधिक तीव्र चढणीचे असतात, हे त्यामागचे कारण. चढण जितकी तीव्र, तितकी क्षण चुकल्याची किंमत मोठी.

ईईजीत मात्र हा प्रश्न अधिक गंभीर होतो. डिजिटल यंत्र प्रत्येक इलेक्ट्रोडची नोंद एका समान संदर्भाशी करते आणि आपण मोंताज बदलतो तेव्हा संगणक दोन चॅनेलची वजाबाकी करतो. जुन्या यंत्रात ही वजाबाकी ॲम्प्लिफायरमध्येच, त्याच क्षणी होत असे; आता ती नंतर, आकड्यांची होते. दोन इलेक्ट्रोडवर घरगुती विजेचा ५० हर्ट्झचा १०० मायक्रोव्होल्टचा सारखाच संकेत आला, तर वजाबाकीनंतर शून्य उरायला हवे. पण दोन चॅनेलमध्ये १ मिलिसेकंदाचे अंतर असेल, तर सुमारे ३१ मायक्रोव्होल्ट शिल्लक राहतात. ही मेंदूच्या पार्श्वलयीच्या तोडीची गोष्ट झाली. मग तंत्रज्ञ फिल्टर वाढवतो आणि कचऱ्याबरोबर खऱ्या स्पाइकची धारही बोथट होते.

याहून मोठा धोका दोन घड्याळांचा. बत्तीस चॅनेलच्या यंत्रात आठ-आठ चॅनेलच्या चार चिपा असू शकतात. त्यांचे घड्याळ एकच असेल तर उत्तम. पण दोन भाग आपापल्या स्फटिक-घड्याळावर चालत असतील आणि त्यांच्या गतीत दशलक्षात ५० इतकाच फरक असेल, तरी मिनिटाला ३ मिलिसेकंद आणि वीस मिनिटांच्या ईईजीअखेर ६० मिलिसेकंदांचे अंतर पडते. स्पाइकची व्याख्याच २० ते ७० मिलिसेकंदांची आहे! स्पाइक डावीकडे आधी उमटला की उजवीकडे, हे अशा नोंदीवरून कोणी सांगावे? कॉर्टिकल मायोक्लोनसमध्ये मेंदूतील स्पाइकनंतर हाताचा स्नायू साधारण २० मिलिसेकंदांनी आकुंचन पावतो; तेथे ईईजी आणि स्नायूची नोंद एकाच घड्याळावर हवी. दोन्ही चॅनेलचे डिजिटल फिल्टर निराळे असले तरी त्यांचे विलंब निराळे होतात, याचेही भान हवे. इन्फंटाइल स्पाझम्सच्या संशयात व्हिडिओ आणि ईईजी यांची वेळ जुळली नाही, तर बाळाचे दचकणे अपस्माराचे की साधे, हा निर्णयच डळमळतो. आणि तेथे उपचारातील विलंबाची किंमत बाळाच्या बुद्धीने मोजावी लागते.

माझ्या पिढीने लेखणीची ईईजी यंत्रे पाहिली आहेत. तेव्हाचा चांगला तंत्रज्ञ कामाच्या आरंभी सर्व लेखण्या एका उभ्या रेषेत आहेत ना, हे पाही. कागद सेकंदाला ३० मिलिमीटर धावे. लेखणी १ मिलिमीटर सरकली तर ३३ मिलिसेकंदांची फसगत ठरलेली. नंतर तो सर्व चॅनेल एकाच इलेक्ट्रोड-जोडीला जोडून रेषा सारख्या येतात का, हेही तपासत असे. लेखण्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर ही शिस्तही बरीचशी गेली. पडद्यावरील रेषा नेहमीच नीटनेटक्या दिसतात, म्हणून त्या खऱ्याही असतील असे आपण मानू लागलो.

याचा अर्थ प्रत्येक उपकरणात महागडे समक्षण हवे, असा नाही. पल्स ऑक्सिमीटर तांबडा व अवरक्त प्रकाश आळीपाळीनेच टाकतो. नाडी त्या मानाने संथ असल्याने त्याचे काम चोख चालते. तापमान, श्वसनगती यांनाही त्याची गरज नाही. मल्टिप्लेक्सरचे यंत्रही सर्वस्वी त्याज्य नाही : विलंब स्थिर आणि ज्ञात असेल, तर सॉफ्टवेअर तो बऱ्याच अंशी भरून काढू शकते. माझा आक्षेप आहे तो न सांगितलेल्या विलंबाला.

म्हणून आपल्या संघाने यंत्रखरेदीसाठी एक छोटी प्रश्नावली तयार करावी, असे मी सुचवतो. सर्व चॅनेलचे नमुने एकाच क्षणी घेतले जातात का? नसल्यास पहिल्या आणि शेवटच्या चॅनेलमध्ये किती अंतर आहे आणि ते सॉफ्टवेअरने भरून काढले आहे का? सर्व चिपा, स्नायूची नोंद आणि व्हिडिओ यांचे घड्याळ एकच आहे का? उत्तरे लेखी घ्यावीत. प्रात्यक्षिकाच्या वेळी सर्व चॅनेलना एकच चाचणी-स्पंद द्यावा, पडदा ताणून आरंभी आणि वीस मिनिटांनी पाहावे, कोणत्याही दोन चॅनेलची वजाबाकी करून शिल्लक पाहावी. खर्च जवळजवळ शून्य. वेळ अर्धा तास. विक्रेता या परीक्षेला नकार देत असेल, तर तेच त्याचे उत्तर समजावे.

आपल्या इंदूरला धार, झाबुआ, खरगोन, बडवानीहून मुले ईईजीसाठी येतात. झोप यावी म्हणून मुलाला रात्री जागवलेले असते, बापाचा दिवसाचा रोज बुडालेला असतो. त्या कागदाच्या आधारे आपण औषध सुरू करतो आणि ते पुढे कित्येक वर्षे चालते. मुलाच्या कपाळी ‘अपस्मार’ हा शब्द लिहिण्यापूर्वी यंत्राने सर्व रेषा एकाच क्षणी घेतल्या होत्या की नाही, एवढी खात्री करून घेणे हे आपले कर्तव्य आहे.