अवघड जागेचं दुखणं

मंडळी, ‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण मी वर्गात पुष्कळदा शिकवली. अर्थ मात्र सत्तरी ओलांडल्यावर, मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर कळला.

संभाजीनगरहून वडीगोद्रीला घरी आलो. गोळ्या वेळेवर घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी म्हटलं, सहन होतंय तोवर कशाला? शौचाला जायची भीती, म्हणून जेवणही कमी केलं. तिसऱ्या दिवशी खडा झाला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाहेरून सून विचारतेय, “बाबा, काय होतंय?” आणि मी आतून, “काही नाही गं!”

शेवटी लाज सोडून डॉक्टरांना फोन केला. दुखणं चढल्यावर गोळी घेतली तर ते लवकर आवरत नाही; म्हणून पहिले काही दिवस ती घड्याळ लावूनच घ्यायची. कोणती, ते मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं. आपल्या वयात किडनी सांभाळावी लागते, आणि काही जालीम गोळ्यांनी उलट बद्धकोष्ठ होतो. दिवसातून दोन-तीनदा 10-15 मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसलं की आवळलेला स्नायू सैलावतो. पोटभर जेवण, भरपूर पाणी, इसबगोल. दोन आठवड्यांत मला बराच उतार पडला. फार रक्त गेलं, ताप आला किंवा लघवी अडली, तर मात्र घरी थांबू नये.

सुश्रुतांनी अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय मोकळेपणाने सांगून ठेवले. आपण अजून कुजबुजतोय.

मुलांना आम्ही ‘रडू नकोस’ एवढंच शिकवलं. ‘कुठे दुखतं ते सांग’, हेही शिकवायला हवं होतं.