सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण त्यावर चालवायची गाडी शोरूममध्ये आहे कुठे?

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. म्हणजे कर लागण्याआधी 70 हजारांची असलेली गाडी 7 हजारांनी स्वस्त झाली. लातूरसारख्या शहरात याचा परिणाम थेट घरात दिसतो. इथे अकरावी-बारावी आणि नीट-जेईईसाठी नांदेड, बीड, परभणी, धाराशिवमधून मुलं येतात. कॉलेज एकीकडे, क्लास दुसरीकडे, रूम तिसरीकडे. मग पोरगं म्हणतं, "पप्पा, गाडी घ्या ना, वेळ वाचेल." मागणी अगदीच खोटी नसते.

अडचण वयाची आहे. अकरावीतलं पोरगं 16 वर्षांचं असतं आणि नीटला बसतं तेव्हा साधारण 17-18 चं.

"सोळाव्या वर्षी विनागिअर गाडीचं लायसन्स मिळतं की," असं कुणीतरी सांगतंच. ते खरंय, पण अर्धवट आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार 16 वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पालकांच्या लेखी संमतीने लायसन्स मिळतं, ते 50 सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीसाठी. हा कायदा आला तेव्हा अशा गाड्या रस्त्यावर होत्या. कायनेटिकची लूना, बजाजची सनी. आज ॲक्टिव्हा 110 सीसीच्या आसपास आहे आणि खेड्यातली लाडकी एक्सएल जवळपास 100 सीसी. मोठ्या कंपन्यांच्या शोरूममध्ये 50 सीसीची पेट्रोल गाडी मिळतच नाही. म्हणजे लायसन्स खिशात असूनही पोरगं ॲक्टिव्हावर बसलं की ते कायद्याच्या नजरेत विनालायसन्सच. गिअर नाही म्हणून चालतं, हा गैरसमज लातुरातच नाही, सगळीकडे आहे.

मग पकडलं तर काय होतं? 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर दोषी पालक किंवा गाडीमालक धरला जातो. 3 वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द. "मला माहीतच नव्हतं" म्हणणाऱ्या बापाला ते कोर्टात सिद्ध करावं लागतं. किल्ली त्यानेच दिली असेल तर कसं करणार?

याहून जास्त झोंबणारी तरतूद मुलासाठी आहे. त्याला वयाच्या 25 वर्षांपर्यंत शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. आता लातूरच्या हिशोबाने बघा. 18 व्या वर्षी एमबीबीएसला लागलेला मुलगा साडेपाच वर्षांनी, इंटर्नशिप संपवून, तेविशी-चोविशीत डॉक्टर होतो. नावापुढे डॉक्टर लागलं तरी साहेबांना स्कूटी चालवायला बंदी. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये 17 वर्षांच्या मुलाच्या पोर्शे कारने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, तेव्हा परिवहन विभागाने हेच जाहीर केलं होतं. तिथे कार कोट्यवधीची होती, पण कलम स्प्लेंडरलाही तेच लागतं.

विम्याचं फारसं कुणी बोलत नाही. लायसन्स नसलेल्या मुलाकडून अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देते आणि मग ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. कोर्ट तसे आदेश देतं. अशा वेळी रक्कम लाखांत असते आणि अनेक घरांत शेत विकायची पाळी येते.

"बिनालायसन्सची इलेक्ट्रिक स्कूटर" हा पर्याय खरा आहे, पण छोटा. मोटरची ताकद 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. दुकानदार "वायर काढली की 45 ला जाते" म्हणाला, तर तिथेच ती गाडी मोटार वाहन होते आणि वरचं सगळं लागू होतं. क्लासपुरतं अंतर असेल तर मला यापेक्षा सायकल बरी वाटते.

आणि 18 पूर्ण झाल्यावर? आधी शिकाऊ लायसन्स. ते 6 महिने चालतं आणि 30 दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. शिकाऊ लायसन्सवर मित्राला मागे बसवता येत नाही. मागे बसला तर शिकवणाराच, आणि त्याच्याकडे पक्कं लायसन्स हवं. गाडीला पुढे-मागे लाल 'एल'.

गाडी कोणती, यावर रीलमधून ठरतं ते बहुतेक चुकीचं असतं. नवशिक्याला ताकद नको, ताबा हवा. स्प्लेंडर 97 सीसी, साधारण 8 पीएस, वजन 112 किलोच्या आसपास. ड्यूक 200 ची ताकद 25 पीएसच्या घरात, म्हणजे तिप्पट. औसा रोडवर पुढचा ॲपे रिक्षावाला हात न दाखवता वळला की ही तिप्पट ताकद नवशिक्याच्या कामाची नसते. मुलाला शोरूममध्ये गाडीवर बसवा. दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, बंद गाडी तो एकटा ढकलून मागे घेऊ शकतो का, हे बघा. ब्रेकचंही विचारा. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्याखालच्यांत निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस असते. बजेटमधून आयएसआय मार्कच्या हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढा, कारण ते शेवटी राहिलं की राहूनच जातं.

जुनी गाडी घेणं पहिल्या वर्षासाठी शहाणपणाचं, कारण ती पडणारच आहे. पण "नाव नंतर करू" म्हणू नका. फॉर्म 29 आणि 30 वर सही घ्या आणि एमएच 24 ची गाडी असेल तर लातूर आरटीओत नावावर करून घ्या. नोंद बदलेपर्यंत अपघाताची भरपाई जुन्या मालकाच्या गळ्यात पडते, असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. गाडी विकणारे असाल, तर हे तुमच्यासाठीही आहे.