पाटी वाचा, भिंतीवरचा कागदही वाचा

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला आणि डॉ. इंदिरा हिंदुजा हे नाव घरोघरी पोहोचले. त्या यशातला दुसरा वाटा फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. तो होता परळमधल्याच, आयसीएमआरच्या प्रजनन संशोधन संस्थेतल्या डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचा. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा अशी ती जोडी होती. टेस्ट ट्यूब बेबी तेव्हाही एकट्या डॉक्टरचे काम नव्हते.

आता या उपचारांसाठी मीरा-भाईंदरच्या जोडप्याला गर्दीच्या लोकलने परळ गाठावे लागत नाही. हे चांगलेच झाले. डॉक्टर निवडण्याची रीत मात्र अजून शेजारणीचा सल्ला, रिक्षामागची जाहिरात आणि ‘हप्त्यांची सोय’ यांच्यापलीकडे फारशी गेलेली नाही. ‘वंध्यत्वतज्ज्ञ’ ही पाटी वर्षानुवर्षे शिकून लागते, तशी चार दिवसांच्या शिबिरानंतरही लागू शकते.

कायदा मात्र बराच स्पष्ट आहे. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या साहाय्यित पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायद्याच्या नियमांनुसार केंद्रांचे दोन स्तर आहेत. पहिल्या स्तरावर फक्त आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणे, करता येते. आयव्हीएफसाठी, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसाठी, दुसऱ्या स्तराची नोंदणी लागते. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पदव्युत्तर पदवी हवी, शिवाय प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखाली बीजांडे काढण्याच्या ५० प्रक्रिया केल्याची नोंद किंवा प्रजनन वैद्यकातले पुढचे शिक्षण व अनुभव हवा. भ्रूणतज्ज्ञ वेगळा हवा. बीजांड आणि शुक्राणू एकत्र येतात ते त्याच्या हातून, तरी उपचार संपेपर्यंत अनेक जोडप्यांना त्याचे नावही ठाऊक नसते. तो केंद्रात पूर्णवेळ असतो की बोलावल्यावर येतो, हे पहिल्याच भेटीत विचारावे. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी जागी असायलाच हवे. दिसले नाही तर मागावे, आणि मागितल्यावर समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडल्या तर फाइल उचलून निघावे.

यशाच्या टक्केवारीचे काय? टक्के कशाचे, हे जाहिरातीत सहसा नसते. चाचणी पॉझिटिव्ह आली की जिवंत बाळ घरी गेले, यांत मोठे अंतर आहे. तिशीच्या आतल्या स्त्रिया मोजल्या की चाळिशीतल्या, हेही कळत नाही. ब्रिटनमध्ये एचएफईए ही सरकारी यंत्रणा केंद्रवार निकाल लोकांपुढे मांडते. आपल्याकडे जोडप्याला स्वतःच विचारावे लागते: माझ्या वयाच्या किती स्त्रियांना तुमच्याकडे बाळ झाले? फायदे, तोटे, खर्च, जुळ्या-तिळ्यांचा धोका, इतकेच काय, दत्तक घेण्याचा पर्यायही समजावून सांगणे हे केंद्राचे कायदेशीर कर्तव्य आहे. त्यामुळे प्रश्न विचारणे आगाऊपणाचे ठरत नाही. ‘मुलगाच होईल’ असे कुणी कुजबुजले तर तो सरळ गुन्हा आहे; लिंगनिवडीच्या जाहिरातीला तर पाच ते दहा वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे.

चांगला डॉक्टर ओळखण्याची आणखी एक खूण: तो सुरुवातीलाच नवऱ्याची वीर्यतपासणी सांगतो. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातही काही कारण सापडते आणि ही तपासणी तुलनेने स्वस्त, बिनटाक्याची असते. तरी कित्येक घरांत सुनेची लॅप्रोस्कोपी आधी होते. याला डॉक्टरांइतकेच घरचेही जबाबदार आहेत.

आणि सगळा भार जोडप्यावरच का? राज्याच्या नोंदणीतून आपल्या शहरापुरती यादी काढून महापालिकेने ती प्रभाग कार्यालयांत आणि भाईंदरच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर लावावी. केंद्राचे नाव, स्तर आणि नोंदणीची मुदत एवढे असले तरी पुरे. ही नोंदणी पाच वर्षांचीच असते, म्हणजे २०२२-२३मध्ये मिळालेल्या प्रमाणपत्रांवरची तारीख आता नीट बघावी लागेल.