‘नैसर्गिक’ ई-जीवनसत्त्व : एका अक्षराचा विवेक

‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबूनच रुग्ण आपल्याकडे येतो. त्या विश्वासाचे दायित्व वैद्य व औषधविक्रेता या उभयतांवर आहे. ई-जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलबाबत हा निर्णय लेबलावरील एका अक्षरावर ठरतो. ‘डी-अल्फा’ हे वनस्पतिजन्य तेलांपासून मिळविलेले असते. ‘डीएल-अल्फा’ हे कृत्रिम असून आठ समघटकांचे मिश्रण असते व त्यांपैकी निम्मेच शरीर टिकवून धरते. म्हणून ४०० आय.यू. म्हणजे नैसर्गिक रूपात २६८ मि.ग्रॅ., तर कृत्रिम रूपात १८० मि.ग्रॅ. उपयुक्त जीवनसत्त्व होय. केवळ वेष्टनावरील हिरवे पान पाहून माल भरणे योग्य नव्हे.

तथापि स्रोत शुद्ध असला तरी मात्राविचार सुटत नाही. वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णास अधिक मात्रेने रक्तस्रावाचा धोका संभवतो. अमेरिकेतील ‘सिलेक्ट’ चाचणीत दररोज ४०० आय.यू. कृत्रिम ई-जीवनसत्त्व घेणाऱ्या निरोगी पुरुषांत प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक आढळले (२०११). सबब, प्रथम बदाम, शेंगदाणे, सूर्यफूल तेल यांचा आहारात विचार व्हावा. पूरक द्यायचेच तर कारण, मात्रा व कालमर्यादा चिठ्ठीवर स्पष्ट लिहावी, आणि विक्रेत्याने ‘डी’च्या जागी ‘डीएल’ परस्पर देऊ नये.