तेल डबीत साठले, वायू गेला कुठे?

छोट्या इंजिनाच्या टर्बो पेट्रोल मोटारींची संख्या वाढू लागली, तशी बॉनेटखाली बसविल्या जाणाऱ्या एका लहानशा डबीची चर्चाही वाढली आहे. ‘ऑइल कॅच कॅन’ या नावाने विकली जाणारी ही डबी इंजिनाच्या ब्रीदर पाइपमध्ये बसविली जाते. तिच्यामुळे इंजिनात कार्बन साचत नाही, इंटरकूलर तेलकट होत नाही आणि इंजिनाचे आयुष्य वाढते, असा विक्रेत्यांचा दावा असतो. हा दावा सर्वस्वी खोटा नाही. तथापि, डबीत तेल साठल्यानंतर उरलेला वायू कोठे जातो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. गाडीमालकाचा खर्च, गाडीची वॉरंटी आणि शहराची हवा या तिन्ही गोष्टी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

तेलाची वाफ येते कोठून?

पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या, तरी सिलिंडरमधील प्रचंड दाबाखालील वायूचा अल्पसा अंश त्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. तंत्रज्ञ त्याला ‘ब्लो-बाय’ म्हणतात. त्यात न जळलेले इंधन, पाण्याची वाफ, आम्ले आणि काजळी असते. क्रँककेसमध्ये वेगाने उसळणाऱ्या तेलाचे सूक्ष्म तुषारही त्यात मिसळतात. हा वायू बाहेर काढला नाही, तर आतील दाब वाढून सील फुटतात आणि इंजिन ऑइल लवकर खराब होते. म्हणूनच प्रत्येक इंजिनाला ब्रीदर असतो.

पूर्वी हा वायू एका उघड्या नळीतून थेट रस्त्यावर सोडला जात असे. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसमधील धुरक्याचा अभ्यास सुरू झाला. मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन सूर्यप्रकाशात धुरक्याला कारण होतात, हे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले. मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, तर या उघड्या नळीतून येतो, हेही पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. त्यावर तोडगा म्हणून १९६१ च्या नव्या मोटारींपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून सर्व अमेरिकेत ‘पीसीव्ही’ ही रचना आली. या रचनेत क्रँककेसमधील वायू इंजिनाच्याच हवेच्या मार्गात परत ओढून जाळला जातो. मोटारीच्या प्रदूषणावर बसविलेले हे पहिले नियंत्रण होय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आला.

टर्बोने काय बदलले?

साध्या पेट्रोल इंजिनात इनटेक मॅनिफोल्डमध्ये बहुतांश वेळ निर्वात असतो. त्यामुळे वायू आपोआप ओढला जातो. टर्बो इंजिनात हे गणित उलटते. टर्बो दाब देऊ लागला की मॅनिफोल्डमधील दाब बाहेरील हवेपेक्षा अधिक होतो आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह बंद होतो. अशा वेळी वायूला दुसरा मार्ग द्यावा लागतो, आणि तो टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या तोंडाशी नेऊन सोडलेला असतो. शिवाय सिलिंडरमधील दाबच अधिक असल्याने रिंगांतून निसटणारा वायूही अधिक असतो. म्हणजे वायू सर्वाधिक असतो तेव्हाच तो टर्बो, इंटरकूलर आणि थ्रॉटल या मार्गाने फिरतो. इंटरकूलरच्या पाइपात आढळणारा तेलाचा पातळ थर हा त्याचाच परिणाम असतो. तेवढ्यावरून टर्बो निकामी झाल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

डायरेक्ट इंजेक्शनमुळे यात आणखी एक अडचण वाढली. जुन्या पद्धतीत पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या मागील बाजूवर पडत असे आणि व्हॉल्व्ह धुऊन निघत. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते. व्हॉल्व्हवर बसलेले तेल धुतले जात नाही, ते तापून कार्बनचा थर धरते. याखेरीज सिलिंडरमध्ये पोहोचलेला तेलाचा थेंब ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटवू शकतो. कमी वेगात, जास्त भार असताना होणारे हे अकाली ज्वलन पिस्टन फोडण्याइतके तीव्र असू शकते. मे २०२० पासून लागू झालेल्या ‘एपीआय एसपी’ या इंजिन ऑइलच्या प्रमाणकात या धोक्याविरुद्धची चाचणी समाविष्ट आहे, यावरून त्याचे गांभीर्य ध्यानात यावे.

भारतात ही इंजिने लोकप्रिय होण्यामागे तंत्रज्ञानाइतकाच कररचनेचाही हात आहे. २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. वस्तू व सेवा कराच्या २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांतही हीच सीमारेषा कायम राहिली. लहान मोटारींना १८ टक्के, तर मोठ्या मोटारींना ४० टक्के असे ते दर ठरले. साहजिकच, इंजिनाचा आकार न वाढवता ताकद वाढविण्याचा टर्बो हा सोपा मार्ग ठरला. २०१३ मध्ये इकोस्पोर्ट, २०१४ मध्ये झेस्ट, २०१७ मध्ये बलेनो आरएस आणि २०१९ मध्ये व्हेन्यू या क्रमाने लहान टर्बो पेट्रोल इंजिने मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. एप्रिल २०२० मध्ये ‘भारत स्टेज ६’ मानके लागू होताना काही कंपन्यांनी लहान डिझेल इंजिने बंद केली आणि हा कल आणखी बळावला.

एक नाव, दोन वस्तू

मोटारशर्यतींमध्ये कॅच कॅनचा वापर जुना आहे. ज्या शर्यतीच्या गाडीचा ब्रीदर उघडा असतो, तिला तेल साठविणारी टाकी असलीच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय मोटारस्पर्धांचा नियम आहे. दोन लिटरपर्यंतच्या इंजिनाला किमान दोन लिटरची आणि त्याहून मोठ्या इंजिनाला तीन लिटरची टाकी लागते. ट्रॅकवर तेल सांडून मागील गाडी घसरू नये, एवढाच या नियमाचा हेतू. ही टाकी इंजिनाच्या दीर्घायुष्यासाठी नव्हती, हवेच्या शुद्धतेसाठी तर नव्हतीच.

बाजारात मात्र एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली बंद पद्धतीची. तिच्यात क्रँककेसमधील वायू आत येतो, जाळीवर किंवा पडद्यांवर आदळून तेल खाली साठते आणि उरलेला वायू मूळ मार्गानेच इंजिनात परत जाऊन जळतो. दुसरी उघडी. तिच्या डोक्यावर एक छोटा फिल्टर असतो, वायू तेथूनच हवेत सोडला जातो आणि इनटेककडील मूळ तोंड बूच लावून बंद केले जाते. ही दुसरी डबी स्वस्त आणि बसवायला सोपी. पण ती गाडीला थेट १९६० पूर्वीच्या काळात नेऊन सोडते. बॉनेटखालचा तो वायू केबिनमध्ये शिरला, तर पेट्रोलचा दर्प गाडीतील माणसांनाच सोसावा लागतो. ज्या गाड्यांत आत जाणाऱ्या हवेचे मोजमाप सेन्सर करतो, तेथे मोजलेल्या हवेचा हिशेबही चुकतो.

बंद पद्धतीची डबीही निर्धोक म्हणता येणार नाही. ती वेळेवर रिकामी केली नाही, तर साठलेले तेल एकदम इंजिनात ओढले जाऊ शकते. होज पाइप अरुंद असला किंवा जाळी तुंबली, तर क्रँककेसमधील दाब वाढतो. टर्बोचे तेल वजनाने, उतारावरून खाली सम्पमध्ये परतते. सम्पमध्येच दाब असेल तर ते परतू शकत नाही, टर्बोच्या सीलमधून निसटते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. मालक मग टर्बो बदलायला निघतो. दोष मात्र डबीचा असतो. हिवाळ्यात लडाख किंवा स्पितीकडे गाडी नेणाऱ्यांना तर आणखी जपावे लागते. डबीत तेलाबरोबर पाणीही साठते, ते गोठले की श्वासाचा मार्गच बंद होतो. कार्बन टाळण्यासाठी बसविलेली डबी अशा वेळी आगीतून फुफाट्यात नेते.

डबी लवकर भरू लागणे ही समाधानाची बाब नव्हे. नव्या, निरोगी इंजिनात तेल अल्प प्रमाणातच साठते. ते झपाट्याने साठत असेल, तर रिंगा झिजल्या असण्याची किंवा टॅपेट कव्हरमधील मूळ तेलविभाजक तुंबला असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी कॉम्प्रेशन तपासून घेणे शहाणपणाचे. डबी बसवून लक्षण झाकणे नव्हे. बहुतेक आधुनिक इंजिनांत कंपनीनेच असा विभाजक बसविलेला असतो. रोजच्या वापरातील, मूळ स्थितीतील गाडीला वेळेवर, योग्य प्रमाणकाचे ऑइल बदलणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पीयूसीला न दिसणारा धूर

पेट्रोल मोटारीच्या क्रँककेसमधील वायू वातावरणात अजिबात जाता कामा नये, ही अट भारत स्टेज मानकांच्या मान्यता चाचणीत आहे. येथे मर्यादा कमी-जास्त असा हिशेबच नाही. ती शून्य आहे. परंतु ही चाचणी मॉडेलला मान्यता मिळताना होते. गाडी रस्त्यावर आल्यानंतर दर वर्षी होणारी पीयूसी तपासणी केवळ सायलेन्सरच्या नळीत यंत्राची नळी घालून केली जाते. बॉनेट उघडले जात नाही. उघड्या डबीतून निघणारा वायू त्या नळीपर्यंत पोहोचतच नाही. खासगी मोटारीची योग्यता तपासणी नोंदणीनंतर १५ वर्षांनी, नूतनीकरणाच्या वेळी होते. म्हणजे मधल्या दीड दशकात हा बदल कोणाच्या नजरेस पडण्याची व्यवस्थाच नाही. कॅलिफोर्नियात मात्र धूर तपासणीच्या वेळी पीसीव्ही जागेवर आहे की नाही हे पाहिले जाते, आणि प्रदूषणाशी संबंधित जोडभागांना तेथील हवा मंडळाची मान्यता लागते.

कायदा नाही असे नाही. मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षी दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात कारवाईचा रोख मोठा आवाज करणारे सायलेन्सर आणि डोळे दिपविणारे दिवे यांवर असतो. न दिसणारा वायू त्यातून सुटतो.

यावर मार्ग काढता येतो. टर्बोमुळे हा प्रश्न अवघड होतो हे अमेरिकेच्या नियामकांनीही एके काळी मान्य केले होते. म्हणूनच टर्बो असलेल्या अवजड डिझेल इंजिनांना क्रँककेसच्या नियमातून सूट होती. २००७ पासून ती सूट संपली. उत्पादकांना एक तर वायू गाळून इंजिनात परत न्यावा लागला, नाही तर सायलेन्सरमधील प्रदूषणात तो मोजावा लागला. येथेही पीयूसी केंद्रावर बॉनेट उघडून ब्रीदर पाइप दोन्ही टोकांना जोडलेला आहे का, एवढे पाहणे कठीण नाही. त्याला महागडे यंत्र लागत नाही. पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या संस्थेकडून बंद पद्धतीच्या डब्यांना प्रमाणपत्र देण्याची सोय झाली, तर ग्राहकालाही चांगले-वाईट ओळखता येईल.

तोवर निर्णय गाडीमालकाच्या हाती आहे. डबी घेण्यापूर्वी तिची दुसरी नळी कोठे जोडली जाणार, हे मेकॅनिकला विचारावे. ती इंजिनाकडे परत जात नसेल, तर डबीच्या तळाशी दिसणाऱ्या थेंबभर तेलाची किंमत शेजारच्या दुचाकीस्वाराचे फुप्फुस मोजत असते. आणि त्या तेलाची विल्हेवाटही महत्त्वाची. वापरलेले तेल हा नियमानुसार घातक कचरा आहे. त्याची जागा गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात आहे, सोसायटीच्या गटारात नव्हे.